‘यात गोल कुठे आहे?’

लक्ष्मीपुरीतील धान्याच्या एका पेढीवर दुपारची वर्दळ ओसरली होती. धाकट्या नातवाने उधारीची वही मिटली, गल्ल्याची किल्ली काकांच्या हाती दिली आणि तो पायऱ्या उतरू लागला, तेव्हा गादीवर तक्क्याला टेकून बसलेल्या अण्णांनी त्याला थांबवले. ऐंशी ओलांडलेल्या अण्णांच्या गुडघ्यांनी गेल्या काही वर्षांत शाहू स्टेडियमची वाट बंद केली होती. ते एवढेच म्हणाले, “गोल झाला तर फोटो काढून आण. कसा झाला, ते बघायचंय मला.”

सामन्यात गोल एकच झाला. नातवाने मोबाईलवर दोनशेच्या वर छायाचित्रे काढली. दिवस मावळण्यापूर्वी जेवणे आटोपल्यावर अण्णांनी चष्मा पुसला आणि मोबाईल हातात घेतला. पहिल्या छायाचित्रात पुढच्या पायरीवरील चार डोकी होती. दुसऱ्यात हिरवट-तपकिरी मैदान आणि त्यावर ज्वारीच्या दाण्यांएवढे खेळाडू. तिसऱ्यात हललेले गोलखांब, चौथ्यात कोणाचा तरी उंचावलेला हात. अण्णांनी सारी चित्रे शांतपणे पाहिली आणि विचारले, “यात गोल कुठे आहे?”

नातू ओशाळला. अण्णांनी त्याला सावरून घेण्यासाठी दुसरा प्रश्न केला, “बरं, फोटो राहू दे. तोंडी सांग. पास कुणी दिला? डाव्या पायानं मारला की उजव्या?” या प्रश्नाचेही उत्तर त्याच्याजवळ नव्हते. गोल झाला त्या क्षणी तो पडद्यावर बोट ठेवून चौकट जुळवीत होता. नव्वद मिनिटे मैदानावर हजर राहूनही त्याने सामना पाहिलाच नव्हता, आणि जे पाहण्यासाठी त्याला पाठवले होते ते आणलेही नव्हते. त्या रात्री त्याला लागलेली बोच चांगले छायाचित्र न मिळाल्याची थोडी आणि अण्णांना गोल सांगता न आल्याची अधिक होती.

साठ मीटरचे गणित

प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून चालू सामन्याचे छायाचित्र घेणे दिसते तितके सोपे नसते. त्याचे पहिले कारण अंतर हे आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी मैदानाचे रूढ माप १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असे आहे. वरच्या पायरीवर बसलेल्या प्रेक्षकापासून पलीकडच्या कडेने धावणारा खेळाडू सहज ८० मीटर दूर असतो. डोळ्यांना हे अंतर जाणवत नाही, कारण मन हवे तेवढेच पाहते व बाकीचे वगळते. कॅमेऱ्याला ही निवड येत नाही. मोबाईलची मुख्य लेन्स खोलीतील सारे कुटुंब एका चौकटीत बसावे अशा बेताने रुंद नजरेची बनवलेली असते. साठ मीटरवर तीच लेन्स सुमारे ८० मीटर रुंदीचा पट्टा सामावून घेते. त्यात पावणेदोन मीटर उंचीचा खेळाडू चौकटीच्या उंचीचा तिसावा-पस्तिसावा हिस्सा भरतो. ज्वारीचा दाणा तेथून येतो.

बोटांनी पडदा ताणून चित्र मोठे करणे हा त्यावरचा सर्वांचा उपाय. परंतु केवळ चित्र ताणणारी ही वाढ खरी नसते. बारा मेगापिक्सेलचे चित्र लांबी-रुंदीत चौपट ताणले की त्यातील सोळावा भागच, म्हणजे पाऊण मेगापिक्सेल, हाती उरतो. धान्याच्या व्यवहारात सांगायचे तर पोत्यातला माल तेवढाच राहतो आणि माप मात्र मोठे दिसते. याउलट पूर्ण आकाराच्या संवेदकाचा कॅमेरा आणि २०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर त्याच साठ मीटरवर जेमतेम ११ मीटरचा पट्टा दिसतो आणि खेळाडू चौकटीच्या उंचीचा चौथा हिस्सा व्यापतो. चेहरा ओळखू येतो, कपाळावरचा घामही दिसतो.

दुसरे कारण वेगाचे. जोरात मारलेला चेंडू ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर जातो असे धरू. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा १२५ वा भाग उघडा राहिला, तर तेवढ्या वेळात चेंडू २० सेंटीमीटर पुढे सरकतो. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर असतो. म्हणजे चित्रात चेंडूऐवजी त्याच्या दुप्पट लांबीचा धुरकट पट्टा उमटणार. पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच उघडला, तर चेंडू अडीच सेंटीमीटरच हलतो व गोल दिसतो. मात्र इतक्या अल्प वेळात पुरेसा प्रकाश आत येण्यासाठी लख्ख ऊन हवे, मोठ्या तोंडाची लेन्स हवी किंवा संवेदनशीलता वाढवून चित्रातला खरखरीतपणा पत्करायला हवा. प्रकाश, वेग आणि स्वच्छता या तिन्हींचा मेळ एकाच वेळी मनासारखा बसत नाही. एक वाढवले की दुसऱ्यातून वजावट होते. व्यापारी घरातील मुलाला हे समजावून सांगावे लागले नाही.

तालमीचे आणि कॅमेऱ्याचे शहर

कोल्हापुरात फुटबॉलचे वेड पेठांतून वाढले. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या शहरात कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेसारखे कुस्तीचे मैदान उभे केले, तेथे तालीम ही पेठेची ओळख ठरली. पुढे त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ मैदानात उतरले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे परगावच्या माणसाला आखाड्याची वाटतील. कोल्हापूरकराला त्यांतून जर्सीचे रंग दिसतात. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लबही त्याच अभिमानाचे मानकरी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळी सामन्यांना शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, तेव्हा व्यापारी, रिक्षावाले, वकील आणि शाळकरी मुले एकाच रांगेत दाटीने बसलेली असतात. याच शहरातील अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा त्याचा आनंद साऱ्या पेठांनी आपापल्या घरचा मानला.

कॅमेराही या शहराला परका नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी चलच्चित्रे घेण्याचा कॅमेरा कोल्हापुरातच, स्वतःच्या हातांनी व सहकाऱ्यांच्या मदतीने घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० साली पडद्यावर आणला. हाती असलेल्या साधनांतून वाट काढण्याची ही रीत शहराच्या अंगात भिनलेली आहे. पेढीवरच्या नातवानेही नवा कॅमेरा मागितला नाही. आत्याच्या घरी एका लग्नाच्या निमित्ताने घेतलेला आणि नंतर कपाटात पडून राहिलेला कॅमेरा होता. सोबत २५० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी साधी लेन्स होती. आत्याने तो देताना एकच अट घातली: “वापरात ठेव. बुरशी धरेल नाहीतर.”

पुढच्या सामन्याआधी त्याने आयोजकांच्या एका कार्यकर्त्याला गाठून कॅमेरा आत नेण्यास हरकत नाही ना, हे विचारून घेतले. ही काळजी प्रत्येकाने घ्यावी अशी आहे. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत बदलत्या लेन्सचे कॅमेरे अनेकदा प्रेक्षकांना आत नेऊ देत नाहीत, आणि तिकिटामागच्या बारीक अक्षरांतील ही अट प्रवेशद्वारावर कळली तर सामना आणि कॅमेरा यांतील एकाला मुकावे लागते.

चेंडूच्या आधी पोहोचणे

आत्याच्या कॅमेऱ्याने खेळाडू जवळ आले, तरी गोल हाती लागेना. प्रत्येक वेळी चित्रात चेंडू जाळ्यात जाऊन पडलेला असे आणि खेळाडू पाठमोरे. डोळ्यांनी क्षण पाहायचा, मेंदूने तो ओळखायचा, बोटाने कळ दाबायची आणि यंत्राने पडदा उघडायचा, या चार पायऱ्यांत क्षण निघून जातो. डोळ्यांना दिसला तो क्षण बहुधा चित्रातून निसटलेला असतो. चेंडूच्या मागे धावून तो सापडत नाही. चेंडू जिथे येणार, तिथे आधीच जाऊन थांबावे लागते.

हे शिकण्याची शाळा घरातच होती. अण्णा दर सामन्यापूर्वी त्याला बसवून विचारू लागले: कोणता खेळाडू डावीकडून आत येतो? कोणाचे डोके कॉर्नरला वर निघते? कोणता गोलरक्षक पुढे सरसावतो? नातू ही उत्तरे शोधण्यासाठी सामन्याची पहिली वीस मिनिटे कॅमेरा मांडीवर ठेवून केवळ पाहू लागला. त्यानंतर त्याच्या हाती येणारी चित्रे बदलली. कॉर्नर, फ्री किक आणि पेनल्टी हे क्षण सांगून येतात, हे त्याच्या ध्यानात आले. चेंडू खुणेवर ठेवल्यापासून मारेपर्यंत लेन्स रोखून धरायला अवकाश मिळतो. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून अवघ्या ११ मीटरवर असते. तेथे मारणाऱ्याकडे पाहायचे की गोलरक्षकाकडे, हे आधीच ठरवावे लागते. दोघांनाही पकडू पाहणाऱ्याच्या हाती दोघेही लागत नाहीत.

जागेची निवडही त्याला कळू लागली. मध्यरेषेसमोरच्या उंच पायरीवरून खेळाची मांडणी दिसते. कोण कोठे मोकळा आहे, बचावाची भिंत कोठे फुटली, हे तेथून टिपता येते, आणि खेळाडूंच्या मागे स्वच्छ मैदान राहते. गोलखांबांच्या मागच्या बाजूला, खालच्या पायरीवर बसले की चढाई करणाऱ्यांचे चेहरे समोरून येतात, पण मधल्या जाळीचा अडथळा होतो. जाळीला लेन्स अगदी जवळ टेकवून, तिचे तोंड पूर्ण उघडून दूरच्या खेळाडूवर नजर स्थिर केली, तर जाळीच्या तारा चित्रात जवळजवळ विरून जातात. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरावी, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. पण चारच्या उन्हात पांढरी जर्सी जळून कोरी दिसते म्हणून प्रकाश किंचित कमी ठेवावा लागतो, हे चुकल्यावरच कळते. शेवटच्या अर्ध्या तासातील कलते ऊन सर्वांत चांगले. धावणाऱ्या पायांतून उडालेली धूळ त्या उन्हात सोन्यासारखी दिसते.

फ्लॅशचा मोह मात्र टाळावा. त्याचा उजेड काही मीटरच पोहोचतो. मैदानावरील खेळाडूला त्याचा उपयोग शून्य, आणि उजळून निघतात ती पुढच्या पायरीवरची डोकी. मोबाईल असलेल्यानेही हताश होण्याचे कारण नाही. त्याने खेळाडूंच्या मागे न लागता रुंद नजरेचाच फायदा घ्यावा: भरलेल्या पायऱ्या, त्यांवरचे झेंडे, त्यांच्या कुशीतले मैदान आणि वरचे आकाश. प्रेक्षकांविना सामना किती ओका दिसतो, हे जून २०१८ मध्ये मुंबईत दिसले. अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५–० असे हरवले, सुनील छेत्रीने तीन गोल केले, पण पायऱ्या मोठ्या प्रमाणावर रिकाम्या होत्या. छेत्रीने चित्रफितीतून लोकांना मैदानावर येण्याची विनंती केली आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याला, जो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता, मैदान भरून गेले. तीनच दिवसांच्या अंतराने त्याच पायऱ्यांची दोन निरनिराळी चित्रे तयार झाली.

न पाठवलेले छायाचित्र

पेठांची ईर्षा कधी कधी मैदानाच्या रेषा ओलांडते. हुल्लडबाजी आणि दगडफेक यांनी कोल्हापूरच्या फुटबॉलला पूर्वी गालबोट लावलेले आहे, आणि त्याची खंत खऱ्या फुटबॉलशौकिनाला सर्वांत जास्त असते. एका चुरशीच्या सामन्यानंतर पायऱ्यांच्या एका कोपऱ्यात अशीच रेटारेटी झाली. नातवाने सवयीने लेन्स तिकडे वळवली. घरी येऊन पाहतो तर एका चित्रात चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा हातात दगड घेऊन उभा, हात मागे खेचलेला, चेहरा संतापाने वाकडा झालेला. प्रकाश उत्तम, चौकट नेमकी. हंगामभर त्याने घेतलेल्या चित्रांत तांत्रिकदृष्ट्या ते सर्वांत सरस होते.

मुलगा ओळखीचा होता. त्याचे वडील पेढीचे जुने गिऱ्हाईक. मित्रांना चित्राचा सुगावा लागला आणि आग्रह सुरू झाला, “ग्रुपवर टाक. त्यांची पेठ कशी आहे, कळू दे सगळ्यांना.” अर्ध्या तासात ते चित्र शहरभर फिरले असते, हे सर्वांनाच ठाऊक होते. त्या दिवशी कोणाला इजा झाली नव्हती. दगड प्रत्यक्षात सुटला की नाही, हेही चित्रावरून सांगता येत नव्हते. पण चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाने तो सुटलेलाच मानला असता.

नातवाने ते अण्णांपुढे ठेवले. अण्णांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “हा आणखी वीस वर्षांनी तुझ्या पेढीची पायरी चढेल. तेव्हा लोक त्याला याच फोटोनं ओळखावेत, असं वाटतं का तुला?” थोड्या वेळाने त्यांनी पुस्ती जोडली, “कुणाचं डोकं फुटलं असतं, तर गोष्ट वेगळी. मग फोटो पोलिसांकडे द्यायचा. ग्रुपवर तेव्हाही नाही.”

चित्र कोठेच गेले नाही. दुसऱ्या दिवशी नातवाने मुलाच्या थोरल्या भावाला गाठून झाला प्रकार तोंडी सांगितला. चित्र दाखवले नाही. भावाने फक्त “बरं केलंस, मला सांगितलंस,” एवढेच म्हटले. मित्र मात्र काही दिवस त्याच्यावर रुसले, आणि त्याचे त्याला वाईटही वाटले. पण मैदानावर शेकडो लोक कॅमेरा रोखून बसलेले असताना कोणते चित्र घ्यायचे यापेक्षा कोणते पुढे धाडायचे नाही, हा निर्णय अधिक अवघड असतो, हे त्या आठवड्यात त्याला नीट उमगले. त्यानंतर लहान मुलांचे जवळून छायाचित्र घेताना तो सोबतच्या मोठ्या माणसाला विचारू लागला. बहुतेक जण आनंदाने होकार देत. एखादा नको म्हणाला, तर लेन्स निमूट मैदानाकडे वळे.

पाठीमागची नोंद

हंगामाच्या अखेरीस एके रात्री अण्णांनी कपाटातून एक जुने पाकीट काढले. आत कृष्णधवल छायाचित्र होते. अकरा तरुण, काहींच्या पायांत बूट, काही अनवाणी, मागे कोण्या मैदानाची भिंत. अण्णांनी सात जणांची नावे भराभरा सांगितली. आठव्यापाशी ते थांबले. “हा… हा मंगळवार पेठेतला. उजव्या बाजूनं धावायचा. नाव ओठावर आहे.” नाव आले नाही. चित्र उलटून पाहिले. पाठ कोरी होती. साल नाही, स्पर्धा नाही, काढणाऱ्याचे नाव नाही. त्या चित्रातील मुलांना ओळखणारी माणसे शहरात आता किती उरली असतील, याचा हिशेब दोघांनीही मनातच केला.

व्यापाऱ्याच्या घरात तारखेविना नोंद म्हणजे नोंदच नव्हे. रोजमेळात रक्कम लिहिली आणि दिनांक गाळला, तर ती रक्कम कोणाच्या खात्यावर घालणार? तोच न्याय छायाचित्राला लागू आहे. मोबाईलमध्ये साठलेल्या हजारो चित्रांची पाठ आज त्या जुन्या चित्राइतकीच कोरी असते. यंत्र दिनांक नोंदवते खरे, पण चित्र एका मोबाईलवरून दुसऱ्यावर पाठवताना बहुधा ती नोंद गळून पडते, आणि खेळाडूचे नाव तर कोणतेही यंत्र आपणहून लिहीत नाही.

तेव्हापासून सामना संपला की त्या रात्रीच एक काम ठरलेले असते. नातू दोनशे चित्रांतून दहा निवडतो, उरलेली पुसून टाकतो. दहांपैकी तीन-चार कागदावर छापून आणतो. अण्णा गादीवर बसून एकेक हातात घेतात आणि नातू पाठीमागे पेन्सिलीने लिहितो: दिनांक, दोन्ही संघ, गोलफलक, मिनिट, पास कोणाचा, गोल कोणाचा, कोणत्या पायाने. नाव ठाऊक नसले, तर दुसऱ्या दिवशी विचारून भरतो. जुन्या पाकिटातील चित्राच्या पाठीवरही आता सात नावे लिहिलेली आहेत. आठव्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. मंगळवार पेठेतून माल न्यायला येणाऱ्या वयस्कर गिऱ्हाइकांना अण्णा ते चित्र आवर्जून दाखवतात.

गेल्या हंगामातील शेवटच्या सामन्यात उत्तरार्धात कॉर्नर मिळाला. नातवाने लेन्स चेंडूवर न रोखता दूरच्या खांबाजवळ धरली, कारण अण्णांनी सकाळीच सांगितले होते की तो उंच बचावपटू तेथेच वर निघणार. त्याने दुसरा डोळा उघडा ठेवला होता. चेंडू आला, बचावपटू उसळला, कळ दाबली गेली. रात्री अण्णांनी छापील चित्र उजेडाकडे धरले. कपाळाला टेकलेला चेंडू, हवेत पसरलेले दोन्ही हात, अर्ध्यावर झेपावलेला गोलरक्षक आणि मागे पायऱ्यांवर उठून उभी राहिलेली माणसे.

“कॉर्नर कुणी मारला?” अण्णांनी विचारले.

नातवाने नाव सांगितले, आणि चेंडू कसा वळला तेही हाताने दाखवले. अण्णांनी चित्र उलटे केले व पेन्सिल त्याच्या हाती दिली.